येवं दी, पुरो

टेबलावर सैनिक मांडून लढायच्या खेळाची दुहेरी स्पर्धा आहे, जोडीनं खेळायचं, असं मी मामाला सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "जेवण त्यांचं की आपलं?" फी प्रत्येकी ८०० रुपये आणि त्यात दुपारी पातळभाजी-पाव, हे कळल्यावर म्हणाला, "मग डबा घेऊ."

जुलैतला रविवार. पणजीत सांतिनेजला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल. आठ जोड्या, सोळा माणसं, चार टेबलं, प्रत्येकावर सहा फूट बाय चार फुटांची हिरवी चटई. पुणे, मुंबई, बेंगळुरूहून आलेल्या जोड्या होत्या. भर पावसात गोव्यात स्पर्धा कशाला, तर हॉटेलं स्वस्त असतात म्हणून, असं आयोजक पोरानं सरळ सांगून टाकलं. सोळा जणांत बाई मी एकटी आणि साठी उलटलेला मामा एकटा. दारातल्या पोरानं मामाला विचारलं, "अंकल, कुणाला सोडायला आलात?" मामानं पिशवीतून बुटक्यांची तोफ काढून दाखवली.

खेळ म्हणजे किंग्ज ऑफ वॉर. इंचभर उंचीचे सैनिक विकत घ्यायचे, रंगवायचे, ट्रेवर ओळीत चिकटवायचे आणि फाशांवर लढाई. मी पुण्यात फार्मसी शिकत होते तेव्हा वॉरहॅमर या अशाच दुसऱ्या खेळावरच्या पोरांच्या टोळक्यात होते. १९८३ पासून चालत आलेला वॉरहॅमरचा जुना फँटसी खेळ त्याच्या कंपनीनं २०१५ साली बंद करून त्या जागी वेगळाच काढला, तेव्हा टोळक्यातले निम्मे रुसून मँटिक कंपनीच्या या खेळाकडे आले आणि त्यांच्यामागून मी. मला आवडलं ते एवढंच की यात मेलेला सैनिक उचलून बाजूला ठेवावा लागत नाही. वीस सांगाड्यांची तुकडी म्हणजे एक आख्खा ट्रे. जखमा मोजायच्या, ट्रेशेजारी लिहायच्या, आणि तुकडी एकतर उभी राहते नाहीतर सगळीच्या सगळी पळते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी डिचोलीजवळ मयेला घरी अडकले, जेवणाच्या टेबलावर ट्रे मांडून एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायचे. मामा शेजारच्याच घरात. तो येऊन उभा राहायचा, काही बोलायचा नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "हा ट्रे असा वळणार नाही. मागचा कोपरा लागेल."

लागला.

मामाचा दहा टनी टिपर होता. खाणीवरून माल भरायचा, आमोण्याच्या जेटीवर ओतायचा, तिथून बार्जमधून मांडवीतून मुरगाव बंदराला. २०१२ त खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ त सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केल्या आणि त्या मार्चपासून सगळं थंड झालं. त्या वर्षी मामानं ट्रक विकला. पण पंचवीस वर्षं जेटीच्या टोकाशी रिव्हर्स मारलेल्या माणसाच्या डोळ्यातलं माप कुठे जातं? या खेळात तुकडी पुढे पूर्ण चाल चालते, मागे सरकायचं तर निम्मी. हा नियम वाचून दाखवला तेव्हा मामा खूश झाला. "रिव्हर्सला निम्मा स्पीड. लिहिणाऱ्याला ड्रायव्हिंग येतं."

सैन्य निवडायला त्याला दोन मिनिटं लागली नाहीत. ड्वार्फ. बुटके, दाढीवाले, हट्टी, जमिनीखाली खणणारे, इतर पायदळ पाच-सहा इंच चालतं तिथे हे चार इंच. "हे आपले डिचोलीचे," मामा म्हणाला. त्यांचे तळ त्यानं स्वतः केले, खाणीच्या जुन्या डंपवरची लाल माती आणून. ती मामीच्या चहाच्या गाळणीतून गाळली. त्यावरून घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. पण ती माती कुठल्याही रंगाच्या डबीत मिळत नाही. मधेच एखादा कण चमकतो, खनिजाचा.

माझे अनडेड, म्हणजे सांगाडे, झाँबी, थडग्यातून उठलेले रेव्हेनंट आणि त्यांना हाकणारा एक मांत्रिक, नेक्रोमॅन्सर. ड्वार्फ सज्जनांच्या यादीत, अनडेड दुर्जनांच्या. एरवी हे दोघे एका सैन्यात उभे राहूच शकत नाहीत. स्पर्धेच्या नियमपत्रात ती अट काढली होती. प्रत्येकी १००० पॉइंटांचं सैन्य (तुकड्यांची किंमत पॉइंटांत मोजतात), कुणीही कुणाबरोबर. मामाला पटलं. तो म्हणाला, गोव्याच्या विधानसभेत चालतं तर इथे का चालू नये.

आता रंगाची गोष्ट, कारण तिच्यामुळे दिवसभर आम्हाला फुकटचं कौतुक मिळालं. रंगवलेल्या सैनिकांवर शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे मारतात, हाताळून रंग उडू नये म्हणून. पावसाळ्यात हे करू नये. हवेतल्या दमटपणानं वार्निश पांढरं पडतं, आरशावर वाफ धरावी तसं. मला हे चांगलं ठाऊक आहे, स्वतःचे सांगाडे मी मे महिन्यातच संपवले होते. मामानं स्पर्धेच्या तीन दिवस आधी, धो धो पावसात, पडवीत उभं राहून स्प्रे मारला. सकाळी बघतो तर चाळीस बुटके पिठात लोळल्यासारखे. वरून ब्रशनं चकचकीत वार्निशचा एक पातळ हात दिला की ते धुकं बरंचसं उतरतं. ते करायलाही वेळ नव्हता. मामानं फक्त नाकं पुसली. हॉलमध्ये पुण्याच्या एका मुलानं वाकून पाहिलं आणि इंग्रजीतून विचारलं, हा बर्फाचा इफेक्ट कसा केला? मामा म्हणाला, "रेन." मुलानं मान डोलावली आणि मोबाईलवर फोटो घेतला.

पहिली मॅच त्याच मुलाशी आणि त्याच्या जोडीदाराशी झाली. ओगर आणि ऑर्क, मोठे, जोरदार, फारसा विचार न करणारे. त्यांनी धावून यायचं, आम्ही उभं राहून घ्यायचं, तोफेनं दोन ओगर तुकड्या फोडल्या, जिंकलो. त्यात सांगण्यासारखं एकच. दोन्ही जोड्यांना ७०-७० मिनिटांचं बुद्धिबळाचं घड्याळ होतं. आपला डाव संपला की थाप मारायची, समोरच्याचं चालू होतं. वेळ संपली की तुमच्या तुकड्या जागच्या जागी पुतळे, समोरचा उरलेले डाव एकटा खेळून घेतो. समोरची पोरं प्रत्येक अंतर टेपनं दोनदा मोजत होती. मामा टेबलाच्या कडेशी वाकायचा, एक डोळा मिटायचा आणि सांगायचा, "साडेपंधरा. त्याचा चार्ज बारा. पोचत नाही." (चार्ज म्हणजे धावून केलेला हल्ला, आकडे इंचांचे.) मी टेप लावायचे. साडेपंधराच असायचं. तिसऱ्यांदा मी टेप लावणं सोडलं. मॅच संपली तेव्हा आमची २२ मिनिटं शिल्लक होती.

दुसरी मॅच मी घालवली. हे स्वच्छ लिहिते, कारण मामानं कुणालाच सांगितलेलं नाही.

नियमपत्रात होतं की जोडीदारांनी आपसात बोलावं, पण टेबलावर, सगळ्यांना ऐकू येईल असं. समोर बेंगळुरूची जोडी. मला वाटलं, आपण कोंकणीतून बोलू, यांना काय कळणार. (आमच्याकडे बोलणं कोंकणीत आणि वाचणं-लिहिणं मराठीत. वर्तमानपत्र, आरत्या, जत्रेतलं नाटक सगळं मराठी. म्हणून मामाचं बोलणं इथे मराठीत उतरवते आहे. मूळ चव थोडी गेली असेल.) तर मी मोठ्या हुशारीनं कोंकणीतून सांगितलं, की डावीकडचे झाँबी नुसते आमिष आहेत, ते खाऊ देत, मग तू बाजूनं ये. समोरचा उंच मुलगा फासे हातात घोळवत थांबला. "म्हाका समजता," तो म्हणाला. "हांव कारवारचो."

मामा इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. मी हसले नाही, आणि गडबड तिथेच सुरू झाली. बेत उघडा पडला म्हणून मी नवा काढला. तो मामाला समजावला. त्यानं हो म्हटलं तरी पुन्हा समजावला. मग त्याच्या ट्रेला हात लावला. नुसता दाखवायला, पण लावला. "हे आयर्नक्लॅड इथे नको, तिथे." (आयर्नक्लॅड म्हणजे मामाचे चिलखती बुटके.) मामानं ट्रे तिथे नेला. मग मला वाटलं, पहिलंच बरं होतं. हे सगळं आमच्या घड्याळावर चाललं होतं. एकटी खेळते तेव्हा हे सगळं डोक्यातल्या डोक्यात होतं आणि त्याला पाच सेकंद लागतात. तेच तोंडानं बोलून दुसऱ्याच्या गळी उतरवायला दीड मिनिट. असे वीस-पंचवीस निर्णय. पाचव्या डावात आमचं घड्याळ संपलं आणि आमच्या दोन हजार पॉइंटचं सैन्य पुतळ्यासारखं उभं राहिलं. उरलेल्या डावांत कारवारचो आणि त्याचा मित्र सावकाश मधली रेघ ओलांडून आमच्या अर्ध्यात आले. मॅच त्याच्यावरच होती, शेवटी कुणाचं किती सैन्य रेघेपलीकडे. ते अपराधी चेहऱ्यानं ट्रे सरकवत होते. एवढं वाईट मला दहावीच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मधे मामाचंही एक भांडण झालं, ते राहिलंच. या खेळात झेंडेवाला किंवा सेनापती सहा इंचांत असला की पळणाऱ्या तुकडीला धीर येतो. पळण्याचा निकाल लागला तर समोरच्याला फासे पुन्हा टाकावे लागतात. मामानं आपला झेंडेवाला मुद्दाम माझ्या सांगाड्यांना चिकटवून उभा केला होता. नियमपत्राप्रमाणे धीर फक्त स्वतःच्या सैन्याला, जोडीदाराच्या नाही. हे मी वाचलं होतं, त्याला सांगायला विसरले. मामा थेट आयोजकाकडे. "झेंडा दिसतो ना त्यांना? चार इंचांवर आहे." आयोजक पंचवीस वर्षांचा असेल, दाढी वाढवलेला, शांत. त्यानं टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, सांगाड्यांना डोळे कुठे आहेत?" यावर मामाकडे उत्तर नव्हतं. तो परत आला आणि दिवसभर तेवढ्या एका वाक्यासाठी त्या पोराला मानत राहिला.

जेवताना आम्ही जिन्यात बसलो. पातळभाजी-पाव होताच, शिवाय मामीचा डबा: भात, आमटी, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किस्मूर. वासानं मुंबईची दोन पोरं येऊन उभी राहिली, त्यांनाही दिली. पुढची मॅच त्यांच्याशीच होती. मी गप्प जेवत होते. मामा किस्मुरीतला खोबऱ्याचा कण दातातून काढत म्हणाला, "बाय, ट्रकवर क्लीनर किती बोलतो?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"जेटीवर मागचं मला दिसत नाही. क्लीनर खाली उभा. तो दोनच शब्द बोलतो. येवं दी (येऊ दे). पुरो (बस). तिसरा बोलला तर मी ब्रेक मारणार, मागचे वीस ट्रक थांबणार. माझा क्लीनर होता, तो मला विचारायचा, भाऊ, जरा डावीकडे घेऊया का? एक महिना ठेवला त्याला."

"मग मी क्लीनर?"

"तुझ्या गाडीची तू ड्रायव्हर. माझ्या गाडीचा मी. क्लीनर दोघंही."

तिसऱ्या मॅचला हेच ठरलं. आपापलं सैन्य आपण हाकायचं. दुसऱ्याच्या ट्रेला हात नाही. बोलायचे शब्द दोन.

मुंबईच्या पोरांकडे एल्फ होते आणि बॅसिलिया नावाच्या खेळातल्या राज्याचे सरदार. एल्फ म्हणजे आमच्या अगदी उलट, सगळं वेगवान आणि महाग. पहिले दोन डाव मला भयंकर गेले. मामानं तोफ टेकडीच्या मागे नेली. मागे! मी तोंड उघडलं आणि मिटलं. एक डाव गेल्यावर कळलं की तिथून उजवीकडची सगळी पट्टी दिसते, आणि त्यांच्या उडत्या ड्रॅगनला उतरायला जागाच राहिली नाही. आमचं घड्याळ बघितलं तर आम्ही त्यांच्यापेक्षा नऊ मिनिटं पुढे. मामानं मला दोनदा "पुरो" म्हटलं आणि मी दोनदा थांबले, एकदा मनाविरुद्ध.

मग चौथा डाव. त्यांचे एल्फ घोडेस्वार मामाच्या आयर्नक्लॅडवर धावून आलेले, आयर्नक्लॅड अजून उभे, आणि माझे रेव्हेनंट त्या घोड्यांच्या कुशीकडे तोंड करून, चार इंच मागे. अनडेड डुलत डुलत चालतात, चाल संपली होती. पण नेक्रोमॅन्सरकडे एक मंत्र असतो, सर्ज. आठ फासे टाकायचे, ४ किंवा वर आलेल्या प्रत्येकामागे तुकडी एक इंच पुढे ढकलली जाते. शत्रूला टेकली तर तो चार्ज धरतात. चार इंच हवे म्हणजे आठातले चार यायला हवेत. तीनच आले तर माझी सगळ्यात चांगली तुकडी घोड्यांपासून एका इंचावर, उघड्या मैदानात उभी. दुसरा पर्याय होता, मंत्र झाँबींवर टाकून नुसती वाट अडवायची. सुरक्षित. मी मामाकडे पाहिलं. एरवी मी त्याला दोन्ही पर्याय तपशीलवार सांगितले असते. त्यानं टेबलाच्या कडेला डोळा लावला, एक डोळा मिटला.

"येवं दी."

आठ फासे. दोन टेबलाखाली गेले, ते उचलून पुन्हा टाकले. पाच आले.

कुशीतून घुसलं की वार दुप्पट. माझे २५ चे ५० झाले. पन्नास फासे एका मुठीत मावत नाहीत. मी मामीच्या रिकाम्या डब्यात घालून हलवले, त्याला किस्मुरीचा वास लागला तो अजून गेलेला नाही. २५ लागले, त्यांतल्या ९ जखमा. घोडेस्वारांचे आकडे दोन, १४ ला डळमळतात, १६ ला पळतात. नऊ जखमांवर दोन फासे टाकून बेरीज. सात किंवा जास्त आले की संपले. छत्तीस शक्यतांपैकी एकवीस आमच्या बाजूच्या. मी टाकले, आठ. सतरा! हॉलमधले कोण कोण आले होते बघायला. मुंबईच्या पोरानं शांतपणे आपला सेनापती दाखवला, पाच इंचांवर. धीर. पुन्हा टाका. दोनदा सलग यायची शक्यता साधारण एक तृतीयांश, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं की मामाला ठाऊक नाही, म्हणून मी फासे त्याच्या हातात दिले. तुकडी माझी होती, पण दिले.

पाच.

नऊ आणि पाच चौदा. पळाले नाहीत, पण डळमळले. डळमळलेली तुकडी पुढच्या डावात चार्ज करू शकत नाही. घोडे तिथेच नाचत राहिले, मामाच्या बुटक्यांना श्वास मिळाला, आणि सहाव्या डावानंतर एक फासा टाकून सातवा डाव खेळायचा की नाही ते ठरतं, तो खेळावा लागला नाही. बरोबरी. एक जिंकलो, एक हरलो, एक बरोबरी; आठ जोड्यांत चौथे. बक्षीस पहिल्या तिघांना. पहिली आली ती कारवारच्या मुलाची जोडी. त्यानं येऊन मामाच्या पाया पडायचा प्रयत्न केला, मामानं त्याला मधेच धरलं आणि विचारलं, कारवारला कोणत्या वाड्यावर घर.

रायबंदरला फेरीबोटीसाठी थांबलो तेव्हा पाऊस उघडला होता. चोडणमार्गे मये, आमचा नेहमीचा रस्ता. ट्रेचा डबा मामाच्या मांडीवर. मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी त्या बुटक्यांवर चकचकीत वार्निश मारू, पांढरेपणा जाईल.

"नको. लोकांना आवडले."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, ते घड्याळ केवढ्याला मिळतं? मी म्हटलं, कशाला, मोबाईलवर तसलं ॲप फुकट आहे, आजच डाउनलोड करून देते.

"त्यावर थाप मारता येते?" मामा म्हणाला. "फुटेल की."